शहाण्णव तास

"शुक्रवार धरायचा नाही हं मॅडम," सोलापूरच्या दवाखान्यातल्या निकिता सिस्टर फोनवर म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी आठला पहिली कॅप्सूल, पण तो दिवस शून्य. शनिवार एक, रविवार दोन, असं मोजत या. गुरुवारी सहा भरतील. गुरुवारी ट्रान्सफर." मी हो म्हणाले. ग्रंथालयाच्या काउंटरपलीकडे बारावीची एक मुलगी जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच पुढं करून उभी होती. मी तारखेचा शिक्का उचलला, शाईच्या गादीवर टेकवला आणि तो तिथंच राहिला. बारा वर्षं मी धाराशिवच्या या कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तकं देते आहे. सात दिवसांची मुदत म्हणजे दिलेला दिवस सोडून सात. बुधवारी दिलेलं पुस्तक पुढच्या बुधवारी परत. त्यासाठी मला कधी बोटांवर मोजावं लागलं नाही. मग सिस्टरांच्या एवढ्या साध्या वाक्याशी मी का अडले, ते मला लगेच कळलं नाही. "मॅडम, शिक्का," मुलगी म्हणाली. मी शिक्का मारला, तिनं संच दप्तरात कोंबला, ती दारापर्यंत गेली आणि मग मला कळलं. डिसेंबरमध्ये मी गुरुवार धरला होता.

खिडकीतून मैदानावरची धूळ दिसत होती. फेब्रुवारी संपत आला की इथं सकाळी अकरालाच उजेड पांढरा होतो. मी खुर्चीत बसले आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर वार लिहिले. गुरू, शुक्र, शनी, रवी, सोम.  पाच वार होते. पण गुरुवारच्या सकाळी आठपासून सोमवारच्या सकाळी आठपर्यंत चारच दिवस होतात, आणि चार चोवीस शहाण्णव. एकशेवीस तास हवे होते. शहाण्णव झाले होते, आणि दवाखान्याच्या कागदावर एकशेवीस लिहिलेले होते, कारण मी तसं सांगितलं होतं.

आठ वर्षांच्या संसारात मूल झालं नाही, म्हणून आम्ही सोलापूरला जायला लागलो त्याला आता तीन वर्षं होतील. माझी बीजं आणि माझ्या नवऱ्याची, युवराजची बीजं बाहेर एकत्र आणून तीन भ्रूण तयार झाले. गोठवून ठेवले. पहिला आत सोडला, राहिला नाही. दुसरा सोडला, राहिला नाही. डॉक्टरबाईंनी दोन्ही वेळा पडद्यावर दाखवलं होतं, गर्भाशयाचं अस्तर चांगलं नऊ मिलिमीटर जाड, तीन रेघांचं, पुस्तकात छापतात तसं. तरीही नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, जाडी दिसते, तयारी दिसत नाही. अस्तराचा एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवता येतो. अस्तर तयार करणाऱ्या कॅप्सूल चालू केल्यावर एखाद-दुसराच दिवस असा असतो की त्या वेळी आलेला भ्रूण तिथं चिकटतो. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. बहुतेक बायकांत तो एकशेविसाव्या तासाच्या आसपास येतो. काहींच्यात थोडा मागंपुढं.

मी वाचणारी बाई आहे, त्यामुळे मी वाचलं. ज्या विषयाची मला भीती वाटते त्याचं मी वाचते, मग भीती काही दिवस कागदात राहते. त्या दिवसांत अस्तराच्या पेशींवर बारीक फुगवटे उमलतात, काही तासच टिकतात आणि मिटतात. पेशींच्या कडेला चिकटण्याची प्रथिनं येतात. एरवी पृष्ठभागावर दाट लव असते, ती विरळ होते. भ्रूण गडगडत येतो आणि मग त्याची गती कमी होते. तपासणीत यातलं काही डोळ्यांनी पाहत नाहीत. त्या तुकड्यातली दोन-अडीचशे जनुकं त्या क्षणी काय बोलताहेत तेवढं वाचतात. हे मला पटायला वेळ लागला नाही. माझ्या वहीतल्या नोंदी बघून मी वर्गात न जाता सांगू शकते की परीक्षा जवळ आली आहे. जानेवारीपर्यंत कथासंग्रह जातात, फेब्रुवारीत एकदम प्रश्नपत्रिका जायला लागतात. कपाटं तीच असतात, पुस्तकं तीच असतात, कुठली बाहेर आहेत त्यावरून कळतं.

तपासणीचा महिना ठरला तो डिसेंबर. अस्तर जाड करायच्या आधीच्या गोळ्या बारा दिवस झाल्या, शनिवारी सोनोग्राफी झाली, बुधवारपासून कॅप्सूल चालू करा म्हणाले. मंगळवारी पहाटे बेंबळीला आबा गेले. म्हणजे माझे वडील, बिरू. वय कागदावर बहात्तर, खरं कुणालाच माहीत नव्हतं. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मेंढरांमागं होते. पहाटे उठून बसले, मायला म्हणाले, छातीत भरून आलंय, आणि पाणी आणेपर्यंत संपले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना अंगणात घेतलेलं होतं आणि मेंढरं वाघरीत, म्हणजे त्यांच्या जाळीच्या कुंपणात, तशीच कोंडलेली ओरडत होती, कारण त्यांना सोडायची वेळ टळून गेली होती. बुधवारी मी मागच्या परसात उभी राहून दवाखान्यात फोन केला. तेव्हा सिस्टर म्हणाल्या होत्या, डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, एक-दोन दिवस पुढं गेलं तरी चालेल, ज्या दिवशी चालू कराल तिथून पाच दिवसांनी सकाळी या. मी विचारलं, सुतकात चालेल का. हे मी का विचारलं मला माहीत नाही, दवाखान्याला सुतकाशी काय. सिस्टर म्हणाल्या, तुमच्या घरच्यांना विचारा. मी मायला विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "औषिदाला कसलं सुतक. घे तू."

त्या घरात त्या दिवसांत सगळं मोजणं आबांपासून होतं. येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यात विचारायची, आज कितवा? आणि कुणीतरी सांगायचं, आज तिसरा, आज चौथा. गेले तो पहिला. वार कुणी बोलत नव्हतं, तारीख तर कॅलेंडरवर उलटी करून ठेवल्यासारखी होती. गुरुवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, पुरुष राख सावडायला निघाले तेव्हा मी न्हाणीत जाऊन पहिली कॅप्सूल ठेवली. तो माझा पहिला. सोमवारी मी सोलापूरच्या टेबलावर पाय उचलून पडले होते आणि तोंडाला मास्क लावलेली, मी आधी न पाहिलेली एक मुलगी हातात नळी आणि पेन घेऊन म्हणाली, "कितवा दिवस, मॅडम?" आठवडाभर हा प्रश्न मी दिवसातून वीसदा ऐकला होता. मी म्हणाले, "पाचवा." तिनं लिहिलं. मग आत एक चिमटा बसला, डोळ्यांसमोर पिवळं झालं, आणि मला आठवतं, त्या चिमट्यानं मी आबांसाठी पहिल्यांदा रडले. डॉक्टरबाईंना वाटलं फार दुखलं. त्या म्हणाल्या, झालं, झालं, संपलं.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. अस्तर अजून तयार नाही. चोवीस तास जास्त द्यावेत.

तो कागद मी किती वेळा वाचला ते सांगायला मला संकोच वाटतो. आबा गेल्यापासून माझ्या हातात आलेली ती पहिली चांगली गोष्ट होती. त्यात माझं नाव होतं, वय होतं, आणि खाली जवळजवळ माणसानं बोलावं तसं एक वाक्य होतं, की ही नाही म्हणत नाही, हिला थोडा वेळ लागतो. तीन वर्षांत पहिल्यांदा मला कारण मिळालं होतं. आधीचे दोन भ्रूण का गेले? लवकर आले म्हणून. एका दिवसानं. दार उघडायच्या आत आले आणि परत गेले. युवराजनं तर त्याचा विनोदच केला. तो आयटीआयमध्ये वायरमनचा विषय शिकवतो, सगळ्या गोष्टी त्याला जोडणीतली चूक वाटतात आणि चूक सापडली की तो खूश असतो. "आमच्या बायकोची एसटी एक दिवस लेट आहे," तो त्याच्या आईला म्हणाला, मित्रांना म्हणाला, अगदी माझ्या समोर म्हणाला, आणि मला राग आला नाही. सासूबाई सुद्धा त्या दिवसापासून मला जरा मऊ बोलायला लागल्या. उशीर होणं कुणालाही समजतं.

आणि त्या कागदाला मी आबांचं एक वाक्य मनातल्या मनात शिवून टाकलं होतं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पहिलटकर मेंढी व्यायली आणि कोकराला जवळ येऊ देईना. ते लटलटत तिच्या पोटाशी जायचं आणि ती डोक्यानं ढकलायची, पुन्हा पुन्हा, न चिडता, जसं अंगावरची माशी झटकावी. मी रडकुंडीला आले. म्हटलं, आबा, तिला ते नको आहे. आबा खाली बसले होते, दोन्ही हात कोकराच्या ओल्या अंगावर फिरवत होते, मग तेच हात ते मेंढीच्या नाकापुढं धरायचे, पुन्हा कोकरावर फिरवायचे. ते म्हणाले, "नगं म्हणत न्हाय ती. तिला अजून कळलं न्हाय." मग त्यांनी कोकराच्या पाठीवर मूठभर मीठ चोळलं. मेंढी मिठासाठी चाटायला लागली, आणि चाटता चाटता थांबली, आणि तिच्या घशातून एक बारीक आवाज आला, मी तो आधी कधी ऐकला नव्हता. आबा म्हणाले होते, ह्याला घटका-दोन घटकाच असतात बघ, वास वाळला की मग कुणाचं बी ऐकत न्हाय. मला उपमा आवडत नाहीत. पुस्तकांत राहून मी त्यांना विटले आहे. बाईला मेंढीची उपमा तर मुळीच नको. तरीही रिपोर्ट आल्यावर ते वाक्य आपणहून आलं आणि मी त्याला हाकललं नाही. वाटलं, जाता जाता आबा हे ठेवून गेले.

आता समोर वारांचा कागद होता. शहाण्णव तासांना अस्तर तयार नव्हतं, यात नवल काही नव्हतं. शहाण्णव तासांना कुणाचंच नसतं. त्यावर चोवीस मिळवले की एकशेवीस होतात, जगातल्या बहुतेक बायकांसारखे. म्हणजे मला उशीर नव्हता. म्हणजे आधीचे दोघं वेळेवर आले होते, त्यांच्या तारखा दवाखान्यानं काढल्या होत्या, त्या बरोबर होत्या, आणि तरी ते राहिले नाहीत. आणि आता पुढच्या गुरुवारी, एकशे चव्वेचाळिसाव्या तासाला, तिसऱ्याला, शेवटच्याला, आम्ही एक दिवस उशिरा पाठवणार होतो. फुगवटे मिटल्यावर. चौथा भ्रूण नव्हता, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला माझी बीजं उरली नव्हती, हे डॉक्टरबाईंनी मागच्या वर्षी हळू आवाजात सांगितलं होतं.

उचलून फोन करावा, एवढंच होतं. मी केला नाही. मी प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे लावत बसले. मला माझी लाज वाटत होती हे खरं, एवढी शिकलेली, रोज तारखांचे शिक्के मारणारी बाई आणि पाचपर्यंत मोजता आलं नाही. पण त्याखाली आणखी एक होतं, आणि ते मी गठ्ठ्याची सुतळी बांधताना पाहिलं. मला ते कारण द्यायचं नव्हतं. फोन केला की ते जाणार होतं. मग पुन्हा मी ती बाई होणार होते जिच्यात सगळं ठीक आहे आणि काहीच राहत नाही. मनात एक समंजस आवाज बोलायला लागला. एका दिवसानं काय होतंय. कदाचित तुला खरोखरच एकशे चव्वेचाळीस लागत असतील, तपासलंय कुणी. ही तपासणी तरी सगळे डॉक्टर कुठं मानतात, तूच वाचलं आहेस. तो आवाज माझ्याच भाषेत, नीट वाक्यं करून बोलत होता, म्हणून मला त्याची भीती वाटली. मी प्राचार्यांना विचारून अर्धी रजा टाकली आणि स्कूटी बेंबळीच्या रस्त्याला घातली. का, तर खात्री करायला, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या वारांवर माझा विश्वास नव्हता. त्या आठवड्याचं खरं तिथंच कुणाला तरी माहीत असणार.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी काढून पडली होती. माय ओसरीवर टकळीवर लोकर कातत होती. मेंढरं चुलतभाऊ शिवशंकर घेऊन गेला त्याला दोन महिने झाले, वाघरीच्या जागी नुसतं काळं वर्तुळ राहिलं होतं, तरी जुनी लोकर पोत्यात होती आणि ती संपेपर्यंत ती कातणार होती. "आज कशी गं मधीच?" ती म्हणाली. "कालिज बंद झालं का काय?" मी म्हटलं, अर्धी रजा. "जेवलीस?" जेवले. "खोटं बोलतीस. तोंड बघ वाळल्यालं." तिनं भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं, आणि मी पहिला घास मोडत विचारलं, "माय, मी त्या कॅप्सूल कधी चालू केल्या गं? आबांच्या वेळी."

"सावडायच्या दिशी," ती लगेच म्हणाली. "हणमंतप्पा दारातनं वरडत हुता, चला, ऊन व्हईल म्हणून. अन् तू न्हाणीत. म्या म्हणलं, जाऊ द्या तिला, तिचं औषिद हाय."

"आणि सोलापूरला?"

"सातव्याला. पहाटं पिठलं करून दिलतं जावयाला, डब्यात सांडलं ते." तिनं टकळी मांडीवर ठेवली आणि बोटांवर मोजलं, अंगठा पेरांवरून सरकवत. "तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सातवा. पाच झालं की. का गं?"

"तसं मोजायचं नसतं माय. पहिला दिवस धरायचा नसतो."

तिचा अंगठा पेरावरच थांबला. "पयला धरायचा न्हाय? त्योच तर लई जड असतोय."

मला हसू आलं आणि घास अडकला. तिनं पाणी पुढं केलं. मग मी तिला सगळं सांगितलं, जेवढं साध्या शब्दांत सांगता येईल तेवढं, की तपासणी एक दिवस आधी झाली, रिपोर्ट चुकीच्या दिवसाचा आला, आणि आता न सांगता गेले तर शेवटचंही चुकीच्या दिवशी जाईल. "मंग सांग की त्या बाईला," ती म्हणाली. मी म्हटलं, काय म्हणतील. "म्हणू दे की. म्हणल्यानं काय अंगाला भोकं पडत्यात? तुझ्या आबाला अख्खं गाव म्हणायचं, ह्याला शंभराफुडं मोजाया येत न्हाय. खरंच येत नव्हतं. मेंढरांची तोंडं बघायचा आन् सांगायचा, कानफाटी आली न्हाय, लंगडीचं पिल्लू मागं हाय. कधी एक चुकलं न्हाय." ती पुन्हा कातायला लागली. लोकरीचा धागा तिच्या बोटांतून खाली उतरत होता, फिरत होता. मी ताटाकडं बघत म्हटलं, "पण माय, मग आधीचे दोन का नाही राहिले? आता त्याला काही कारणच नाही."

तिनं टकळी फिरवली. धागा तुटला, तिनं तो ओल्या बोटानं जोडला. "तुझ्या आदी माझं एक गेलतं," ती म्हणाली. "तीन म्हयन्याचं. सास्तूरकडं हुतो आमी तवा, मेंढरं घिऊन. रानातच."

सदतीस वर्षांत हे मी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, कशानं.

"न्हाय कळलं. सासू म्हणली, वझं उचलल्यानं. जाऊ म्हणली, भ्यालीस तू. एकजण म्हणली, देवीचं राहिलंय. म्या समद्यांचं आयकलं. तुझा आबा काय बोलला न्हाय. दोन दिस तळ हलीवला न्हाय फकस्त, मेंढरं तितंच चारली, मला निजू दिलं." ती थोडी हसली. "मला लई दिस वाटायचं, कायतरी असंलच की. माझ्याच्यानंच काय झालं का. मंग तू आलीस, आन् इचार करायला टाइम कुठं ऱ्हातोय. रात्रभर वरडायचीस." तिनं माझ्या ताटात आणखी कालवण घातलं. "कारण सापडलं असतं तर काय ते आलं असतं का माघारी."

तिनं हे सांत्वन म्हणून सांगितलं नव्हतं. ती कातत होती. पण माझ्या आत तो समंजस आवाज गप्प झाला होता. दोन महिने मी एका कागदाला धरून होते आणि ही बाई चाळीस वर्षं कुठल्याच कागदाशिवाय होती, आणि त्या मधल्या जागेत मी जन्मले होते, शिकले होते, इथं बसून भाकरी खात होते. मी हात धुतले आणि परसात गेले, डिसेंबरात उभी होते तिथंच, कारण फोनला तिथंच रेंज येते. निकिता सिस्टर म्हणाल्या, मॅडम ओपीडीत आहेत. मी म्हटलं, मी थांबते. मी सात मिनिटं थांबले. त्या सात मिनिटांत सिस्टरांच्या फोनमधून कुणाचं तरी बाळ रडल्याचा आवाज येत राहिला आणि मला तो बंद व्हावा असं वाटलं नाही.

डॉक्टरबाईंना मी वार आणि तास सांगितले. कारणं सांगितली नाहीत. पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. "इथं पाचवा दिवस लिहिलंय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मीच तसं सांगितलं. "तारीख आम्ही विचारायला हवी होती," त्या म्हणाल्या. "शहाण्णव तासांना तयार नव्हतं म्हणजे ठीकच होतं की हो. मग आपण एकशेवीसलाच करू. किंवा हा महिना सोडून तपासणी पुन्हा करू, तुमची इच्छा. खरं सांगू का, या तपासणीवर आमच्यातच एकमत नाही. ती मदत करते असं काही जण म्हणतात, काही जण म्हणतात काही फरक पडत नाही. मी तुम्हाला सांगितली, कारण दोनदा अपयश आल्यावर हात बांधून बसवत नव्हतं." मी विचारलं, मग ते दोन्ही का गेले असतील. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही." असं त्या आधी कधी बोलल्या नव्हत्या. नेहमी टक्केवारी सांगायच्या. मी परसातल्या शेवग्याला टेकले, आणि मला वाटत होतं तसं काही कोसळलं नाही. मी म्हटलं, तपासणी नको. बुधवारी येते.

युवराजला मी रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. तो कुकरची शिटी दुरुस्त करत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा बोटांनी तास मोजले, आणि म्हणाला, "म्हणजे तू वेळेवरच होतीस."

"बहुतेक."

"आणि मी दोन महिने सगळ्यांना सांगत फिरतोय, एसटी लेट आहे." तो स्वतःशी हसला, मग हसू ओसरलं. "मग ते दोन?"

"माहीत नाही म्हणाल्या."

त्यानं शिटी झाकणात बसवली, काढली, पुन्हा बसवली. चूक न सापडता गोष्ट मिटवणं त्याला जमत नाही, आणि त्याचा चेहरा बघताना मला पहिल्यांदा कळलं की ते कारण माझ्याइतकंच त्यालाही लागत होतं. तोही आता ते कारण सोडून देत होता. शेवटी म्हणाला, "रजेचा अर्ज बदलतो. गुरुवारचा बुधवार." मी म्हटलं, "आईंना सांगाल का, की मला उशीर नव्हता?" तो म्हणाला, "आईला मी सांगतो, एसटी वेळेत आली, स्टँडवरचं घड्याळच पुढं होतं."

बुधवारी सकाळी त्या खोलीत दिवे मंद होते. आतल्या काचेच्या खोलीतून एक मुलगा बाहेर डोकावला आणि म्हणाला, चांगला वितळलाय, पसरतोय. मी विचारलं, पसरतोय म्हणजे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोठलेला आकसतो, जाग आली की अंग सैल करतो." पडद्यावर माझं अस्तर होतं, त्याच तीन रेघा, आता पुसट. जाडी दिसते, तयारी दिसत नाही. मी तयारी शोधायचा प्रयत्न केला नाही. बारीक नळी आत आली आणि टोकाशी एक पांढरा ठिपका सुटला, वाळूच्या कणाएवढा, आणि तो तिथंच राहिला, निदान आम्ही बघत होतो तोवर. युवराज माझ्या डोक्याशी उभा होता. त्याचा हात माझ्या केसांवर एकाच जागी टेकलेला होता आणि तो हलवायला विसरला होता. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, उठा, जा घरी, रोजच्यासारखं वागा. चौदा दिवसांनी रक्त तपासू.

परतताना त्यानं गाडी इतकी हळू चालवली की तामलवाडीपर्यंत आमच्या मागं सात-आठ गाड्या जमल्या. प्रत्येक गतिरोधकावर तो जवळजवळ थांबायचा, मान पुढं काढून बघायचा, आणि एक एक चाक उतरवायचा. तुळजापूरच्या अलीकडं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागून आला, हॉर्न वाजवत आमच्या बाजूला आला आणि डुलत डुलत पुढं निघून गेला. चालकानं वळून आत पाहिलं, या गाडीला काय झालंय म्हणून. मी हसायला लागले. किती महिन्यांनी, ते मी मोजलं नाही. हसताना पोट हललं आणि मी दचकून थांबले, मग पुन्हा हसले. "काय झालं?" तो घाबरून म्हणाला. मी म्हटलं, "ते पडत नसतं हो. त्याला राहायचं असेल तर ते राहतं, नाही तर नाही. आपण उसाच्या ट्रॅक्टरमागं जाऊन काय होणार आहे?" त्यानं गिअर बदलला. समोर ट्रॉलीवरची पाचट उडत होती, एक पान काचेवर येऊन बसलं. "घेऊ का पुढं?" त्यानं विचारलं. मी काच खाली केली, हात बाहेर काढून मागच्यांना खूण केली आणि म्हणाले, "घ्या."